पर्थ ते मेलबर्न : आईबाबांसह कॅम्परव्हॅनने नलारबोरचे ओसाड मैदान ओलांडायचे आहे, मार्गदर्शन हवे

नमस्कार. आम्ही पर्थमध्ये राहतो आणि ताई मेलबर्नला असते. आईबाबा सप्टेंबरच्या सुरुवातीला साताऱ्याहून आमच्याकडे येत आहेत आणि महिनाअखेरीस लेकाला शाळेची सुट्टी लागली की आम्ही पाचही जणांनी भाड्याच्या कॅम्परव्हॅनने ताईकडे जावे, असे घाटत आहे. विमानाने हा प्रवास चार तासांत होतो हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु बाबांची सारी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली आणि देश रस्त्यावरून पाहायचा हा हट्ट त्यांचाच आहे, तेव्हा ‘विमानानेच जा’ एवढा सल्ला वगळून बाकी सर्व सांगावे.

पर्थहून कूलगार्डीमार्गे नॉर्समन, तिथून आयर महामार्गाने सेडूना आणि पोर्ट ऑगस्टा, पुढे ॲडलेड आणि मेलबर्न, असा सुमारे ३,४०० किलोमीटरचा मार्ग ठरवला आहे. नॉर्समन ते सेडूना या साधारण १,२०० किलोमीटरच्या टप्प्यात दोन रोडहाउसमधले (महामार्गावरचे इंधन, जेवण आणि मुक्कामाचे ठिकाण) अंतर कुठेही २०० किलोमीटरपेक्षा जास्त नसल्याने इंधनाची धास्ती नाही, फक्त भाव सोसावा लागेल. अंधार पडल्यावर कांगारू रस्त्यावर येतात आणि अनेक भाडे-करारांत गावाबाहेर रात्री गाडी चालवण्यास मनाईच असते, म्हणून बालाडोनिया, मडुरा आणि नलारबोर रोडहाउस असे तीन मुक्काम धरून रोज दुपारी चारपर्यंत थांबायचा बेत आहे. बालाडोनिया आणि कैगुना यांच्या दरम्यानचा १४६.६ किलोमीटरचा एकही वळण नसलेला रस्ता मी आणि पत्नी वाटून चालवू. शेवटच्या मुक्कामाजवळ हेड ऑफ बाइट या किनाऱ्यावरच्या ठिकाणी ऑक्टोबरपर्यंत देवमासे दिसतात, त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवला आहे.

खरी काळजी आईच्या इन्सुलिनची आहे. न उघडलेली पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. व्हॅनमधला फ्रीज इंजिन बंद असताना दुसऱ्या बॅटरीवर चालतो, आणि वीजजोडणी असलेली जागा मिळाली नाही तर ती बॅटरी पहाटेपर्यंत टिकते का, हे ज्यांनी स्वतः पाहिले आहे त्यांच्याकडून ऐकायला आवडेल. फ्रीजच्या मागच्या भिंतीला चिकटून पेन गोठल्याचेही एका परिचितांकडून ऐकले आहे. आम्ही आत छोटा तापमापक ठेवणार आहोत, परंतु पेन ठेवण्यासाठी दारातला कप्पा बरा की मधला? शिवाय वेळेचा घोळ आहेच. कैगुनाच्या पुढे स्थानिक घड्याळ पाऊण तास पुढे, दक्षिण ऑस्ट्रेलियात पर्थपेक्षा दीड तास पुढे, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिथे व व्हिक्टोरियात आणखी एक तास पुढे. डोसाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून आखून घेऊच. पण जेवणे, मुक्काम आणि डोस यांचा मेळ राहावा म्हणून वाटेत पर्थचेच घड्याळ पाळणे सोयीचे पडते का?

दुसरा प्रश्न गाडीचा. सहा जणांच्या मोटरहोममध्ये चालकाच्या डोक्यावरचा पलंग शिडीचा असतो, तिथे मी आणि लेक झोपू; परंतु बाबांचे गुडघे पाहता मागच्या बाकांचा पलंग रोज रात्री मांडायचा आणि सकाळी मोडायचा हे त्यांना जाचक होईल का? गाडी चालू असताना सर्वांनी पट्टा लावून बसणे बंधनकारक आहे, हे आईला अजून पटलेले नाही; आपण आडवे होऊन जाऊ, असेच ती धरून चालली आहे. शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैल्याची टाकी, रिकामी करण्याचे काम घरच्या मतदानात माझ्याकडे आले आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

स्वयंपाकाचे मात्र नीट ठरवायला हवे. फळमाशीचा प्रसार रोखण्यासाठी सेडूनाच्या तपासणी नाक्यावर ताजी फळे आणि भाज्या काढून घेतात, म्हणून त्याआधीच्या रात्री टोमॅटो, मिरच्या, वांगी सगळे संपवून पुढे मेतकूट-भात, भाजणीची थालीपिठे आणि मुगाची खिचडी यांवर निभावायचे आणि सेडूनात पुन्हा बाजार करायचा, असे आईने ठरवले आहे. ताईच्या अंगणात लावायला म्हणून ती आमच्याकडचे कढीलिंबाचे रोपही न्यायचे म्हणते, तो विषय मी तूर्त टाळतो आहे. वाळवलेला कढीलिंब, सोललेला लसूण आणि ओले खोबरे यांबाबत नाक्यावर कोणाचा काय अनुभव आहे? नलारबोरच्या रोडहाउसवर गोड्या पाण्याची टंचाई असते, त्यामुळे नॉर्समनला टाकी भरून घेऊ. पिण्यासाठी वेगळे पाणी पाच जणांना किती लागते, तेही सांगावे.

शेवटचे म्हणजे, गाडी मेलबर्नला सोडून आम्ही विमानाने परतणार असल्याने एकेरी भाड्याचा अधिभार लागतो आहे. करारात एकट्या गाडीचा अपघात, म्हणजे उलटणे किंवा जनावराला धडकणे, बऱ्याचदा विम्यातून वगळलेला असतो, तेव्हा जादा पैसे भरून पूर्ण संरक्षण घ्यावे की स्वतंत्र प्रवासविमा पुरेसा ठरतो? आगाऊ रक्कम येत्या शुक्रवारपर्यंत भरायची आहे, त्यामुळे निदान विम्याबद्दल त्याआधी कळले तर बरे होईल. बाकीचे सावकाश सांगितले तरी चालेल.