न मोजलेल्या आकड्यावर डोसिंग थांबवायचं का?

प्रोसेसवाला:
नायट्रेशनचं (ऑरगॅनिक मालाची नायट्रिक ॲसिडशी रिॲक्शन) डोसिंग, म्हणजे रिॲक्टरमध्ये थोडं थोडं ॲसिड टाकणं, चालू असताना मला एकच गोष्ट कळायला हवी असते: टाकलेल्या ॲसिडपैकी रिॲक्ट न होता आत किती साठलंय? त्याला सेन्सर नाही. सॅम्पल काढून, क्वेंच करून (त्यातली रिॲक्शन थांबवून) जीसीचा (गॅस क्रोमॅटोग्राफचा) आकडा हाती येईपर्यंत अर्धा तास जातो, आणि डोसिंग चालूच असतं. पण जॅकेटच्या, म्हणजे रिॲक्टरभोवतीच्या कवचातून फिरणाऱ्या, पाण्याचा फ्लो आणि दोन्ही टोकांचं तापमान आपण मोजतोच. ताशी १० घनमीटर पाणी ५ अंशांनी तापलं की सुमारे ५८ किलोवॉट उष्णता बाहेर पडतेय. आतला माल तापण्या-निवण्याचा हिशेब धरून तिची बेरीज करा, तेवढी रिॲक्शन झाली. उरलेला तो साठा. लुएनबर्गरने १९६४ मध्ये मांडलेला ऑब्झर्व्हर यावर बसवता येतो: मॉडेल प्लांटच्या जोडीने चालवायचं आणि मोजलेल्या तापमानाशी जुळवत सतत दुरुस्त करायचं. साठा मर्यादेबाहेर गेला की डोसिंगचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

इन्स्ट्रुमेंटवाला:
माझा विरोध आहे. क्लास ए पीटी-१०० या तापमानाच्या सेन्सरला (आरटीडीला) ३० अंशांवर ±०.२१ अंशांची चूक माफ असते. दोन आरटीडी उलट दिशांना चुकले तर ०.४२. पाच अंशांच्या फरकात ही ८ टक्के झाली, आणि डोसिंग हळू असून फरक २ अंशच असेल तर २१ टक्के! शिवाय तुम्ही बेरीज करताय. सतत चालणाऱ्या रिॲक्टरमधून जुना माल निघून जातो, त्याच्यासोबत अंदाजातली चूकही धुतली जाते. आपल्या सेमीबॅचमध्ये माल फक्त आत टाकला जातो, बाहेर काहीच जात नाही, चूक शेवटपर्यंत आतच राहते. साठ्याची मर्यादा १० टक्के ठेवलीत तर व्हॉल्व्ह नेमका कशावर बंद होणार?

प्रोसेसवाला:
म्हणूनच डोसिंगआधी रिॲक्टर आणि जॅकेट एकाच तापमानाला स्थिर करून पाणी फिरवावं. तेव्हा दोन्ही आरटीडींनी सारखंच दाखवायला हवं. जो फरक दिसेल तो वजा करायचा. फ्लोमीटरची चूक आधीच्या पूर्ण झालेल्या बॅचच्या एकूण उष्णतेवरून पकडता येते.

शिफ्टमधला:
मला वेगळीच धास्ती वाटते. माझ्या पहिल्या कारखान्यात नायट्रेशनमध्ये ॲजिटेटर (आतला माल ढवळणारा पंखा) थांबला. ॲसिड आणि ऑरगॅनिक थर वेगळे झाले, रिॲक्शन मंदावली, तापमान उतरलं. पॅनलवर सगळं शांत, डोसिंग चालू. वेळीच लक्षात आलं, नाहीतर कोणी ॲजिटेटर पुन्हा चालू केला असता आणि साठलेलं सगळं एकदम पेटलं असतं. मॉडेलने रिॲक्शनचा वेग ढवळणं गृहीत धरून काढला, तर तेही म्हणेल सगळं ठीक. त्यात ढवळणं थांबलं की जॅकेटकडे उष्णता जाण्याचा गुणांकही घसरतो.

प्रोसेसवाला:
तो गुणांक मी वापरतच नाही. उष्णता पाण्याच्या बाजूनेच मोजतो. तुम्ही सांगता त्या प्रसंगी ती घटते, टाकलेलं ॲसिड वाढत राहतं आणि साठ्याचा आकडा चढतो. तापमानाकडे बघणाऱ्याला जे दिसलं नाही तेच इथे दिसतं.

शिफ्टमधला:
मग माझी अट एकच. ॲजिटेटर मोटरच्या करंटवरचा ट्रिप (डोसिंग आपोआप तोडणारी यंत्रणा) वेगळा, हार्डवायर्ड (सॉफ्टवेअरवर न विसंबणारा) राहू द्या, आणि ऑब्झर्व्हरला डोसिंग फक्त बंद करता यावं. पुन्हा सुरू करण्याचा अधिकार त्याला नको.

इन्स्ट्रुमेंटवाला:
आणि डोसिंगआधी दोन्ही आरटीडींचं शून्य जुळवल्याची नोंद प्रत्येक बॅचशीटवर. नोंद नसेल त्या बॅचला तो आकडा पॅनलवर दिसताच कामा नये.