मदत हवी आहे: आईला घेऊन जपान, रेल्वेने, ११ रात्री. काय ठेवू, काय गाळू?

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आई आणि मी जपानला जाणार आहोत. विमानाची तिकिटं झाली आहेत: जाताना टोकियोला उतरणार, येताना ओसाकाहून निघणार. मधल्या ११ रात्रींचा आराखडा मी तीन वेळा मांडला आणि मोडला. म्हणून हा धागा.

आधी आईबद्दल थोडं सांगते, कारण सगळं तिच्याभोवती ठरवायचं आहे. ती ६८ वर्षांची आहे, छत्रपती संभाजीनगरला शाळेत इतिहास शिकवायची. दरवर्षी मुलांची सहल अजिंठ्याला न्यायची. अशाच एका सहलीत, मी तेव्हा लहान होते, पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर एक जपानी आजोबा हात जोडून उभे होते. त्यांनी खिशातून एक चित्र काढून आईला दाखवलं. तसाच कमरेत किंचित झुकलेला देह, तसेच अर्धवट मिटलेले डोळे. ते चित्र नाराजवळच्या होर्यूजी मंदिरातलं होतं. आई तेव्हापासून म्हणते, "मला ते मंदिर बघायचंय." बाबा होते तोवर जमलं नाही. आता जमवायचंच आहे.

सध्याचा आराखडा असा: टोकियो ३ रात्री (त्यातला एक दिवस निक्को), ताकायामा १ (शिराकावागोची गवती छपरांची घरं), कानाझावा १, क्योतो ३ (त्यातच नारा आणि होर्यूजी), हिरोशिमा १, कोयासान (डोंगरावरचं मठांचं गाव) १, ओसाका १.

अडचणी अशा. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर तासभर चालते, जिने मात्र हळूहळू. ती शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. मासळीच्या अर्काचं पाणी तिकडे जवळजवळ सगळ्यात असतं असं वाचल्यापासून मला जेवणाची काळजी लागली आहे. तिसरं म्हणजे रेल्वेचा पास. सात दिवसांचा देशभराचा पास पूर्वी २९,६५० येनला मिळायचा, ऑक्टोबर २०२३ पासून तो ५०,००० येन झाला. आम्हा दोघींचे एक लाख येन! तो घ्यावा, की सुटी तिकिटं काढावीत?

जाऊन आलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावं. आराखड्यातलं काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

प्रतिसाद १

ताई, स्पष्टच सांगतो: ११ रात्रींत सात मुक्काम म्हणजे सात वेळा बॅगा भरायच्या. माझ्या सासूबाईंना घेऊन गेलो होतो तेव्हा त्या देवळांनी दमल्या नाहीत, स्थानकांनी दमल्या. क्योतो, शिन-ओसाका ही स्थानकं अवाढव्य आहेत. लिफ्ट सगळीकडे असते, पण ती फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला निघते.

ताकायामा आणि कानाझावा गाळा. शिराकावागोला रेल्वे जातच नाही, ताकायामाहून किंवा कानाझावाहून बसच करावी लागते. गाव फार सुंदर आहे, १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण तुमच्या आईंची ओढ तिथली नाही. निक्कोही सोडा. तो दिवस टोकियोतच उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला द्या. तिथे होर्यूजीच्या ठेव्याचं वेगळं दालन आहे. १८७८ मध्ये मंदिराने राजघराण्याला दिलेल्या तीनशेहून अधिक वस्तू त्यात आहेत. आईंनी आधी ते पाहिलं तर नंतर मंदिरात उभं राहण्याची गोष्टच वेगळी होईल.

पासचं बोलायचं तर देशभराचा पास तुम्हाला परवडणार नाही. टोकियो ते क्योतो शिंकानसेनचं, म्हणजे तिकडच्या बुलेट ट्रेनचं, एकेरी तिकीट साधारण १४,००० येनला पडतं, ते सुटं काढा. पुढे कान्साई (क्योतो-ओसाकाचा परिसर)-हिरोशिमा भागाचा पाच दिवसांचा पास घ्या, १७,००० येन. त्यात नारा, होर्यूजी, हिमेजी, हिरोशिमा आणि हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाची रेल्वेची फेरीबोट, सगळं बसतं. शिन-ओसाका ते हिरोशिमा नोझोमी (सर्वांत वेगवान शिंकानसेन) सुद्धा चालते. देशभराच्या पासवर नोझोमीला वेगळे पैसे भरावे लागतात. एक मेख लक्षात ठेवा: क्योतो ते शिन-ओसाका या तुकड्यात शिंकानसेन ह्या पासवर चालत नाही, तिथे साधी जलद गाडी घ्यायची. आणि पाच दिवस सलग मोजले जातात.

टोकियोहून निघताना ई क्रमांकाची खिडकी मागा. पाऊण तासात उजव्या हाताला फुजी दिसतो, आकाश मोकळं असेल तर.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. होर्यूजीचं दालन टोकियोत आहे हे मला ठाऊकच नव्हतं! आईला वाचून दाखवलं, तिने लगेच वहीत लिहून घेतलं.

निक्को, ताकायामा, कानाझावा गाळले. बॅगांचं काय करावं? मोठ्या बॅगेसाठी शिंकानसेनमध्ये वेगळी जागा राखून ठेवावी लागते असं वाचलं.

प्रतिसाद २

लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर बॅग गेली तर तसं आसन राखून ठेवावं लागतं. त्याला जादा पैसे नाहीत, पण न राखता चढलात तर १,००० येन भरावे लागतात. त्यापेक्षा बॅगा पुढे पाठवून द्या. तिकडे त्याला ताक्क्यूबिन म्हणतात. हॉटेलच्या काउंटरवरच फॉर्म भरून देतात, साधारण दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचतात, आणि पोचण्याची तारीखही सांगता येते. क्योतोहून मोठ्या बॅगा थेट ओसाकाच्या हॉटेलला धाडा आणि हिरोशिमा, कोयासानला पाठीवरची एकेक पिशवी न्या.

हिमेजी वाटेवरच आहे. क्योतोहून थेट जलद गाडीने दीड तास, स्थानकातून बाहेर पडताच समोर रस्त्याच्या टोकाला पांढराशुभ्र किल्ला. १९९३ मध्ये जपानची पहिली वारसास्थळं यादीत गेली त्यांत हा आणि होर्यूजी दोन्ही होते. पण आत सगळे लाकडी, खडे जिने आहेत, तेही चपला काढून चढायचे. आईंना वर नेऊ नका. खालच्या अंगणातून किल्ला पुरेपूर दिसतो, आणि शेजारी कोकोएन नावाची बाग आहे, तिथे नोव्हेंबरात मेपल लाल झालेले असतात.

जेवणाबद्दल: कोयासान अजिबात गाळू नका. मंदिरातच मुक्काम असतो, त्याला शुकुबो म्हणतात, आणि जेवण भिक्षूंचं, शोजिन र्योरी. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, सार कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीचं आणि अळंब्यांचं. तिळाचं टोफू तर आईंना नक्की आवडेल. सगळ्या प्रवासात त्या निर्धास्त जेवतील ती हीच जागा. बाकी दिवसांसाठी दशम्या, मेतकूट, चटण्या न्याच.

आणि तिथल्या ओकुनोइन स्मशानातून आईंना सावकाश चालवा. उंच जपानी देवदारांखालून दोन किलोमीटरची वाट, दोन लाखांवर समाध्या. पाच दगड एकावर एक रचलेल्या समाध्यांवर सिद्धम् या भारतातून गेलेल्या जुन्या लिपीतली अक्षरं कोरलेली असतात, खालून वर अ, व, र, ह, ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. 'ख' म्हणजे आकाश हे खग, खगोल म्हणणाऱ्या आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. माझे वडील त्या अक्षरावर बोट ठेवून बराच वेळ उभे होते.

धागाकर्ती

ताई, तुमचा प्रतिसाद आईने स्वतः दोनदा वाचला. आता क्योतोत तोजी मंदिरही घालते आहे, स्थानकापासून पंधरा मिनिटं चालत. तिथे ब्रह्मदेव आणि इंद्र दोघांच्या मूर्ती आहेत. नाऱ्याच्या तोदाइजी मंदिरात बुद्धाच्या महाकाय मूर्तीचे डोळे ७५२ साली भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने रंगवून 'उघडले', हे आई शाळेत शिकवायची.

एक गोष्ट तिला सांगावी की नाही हे ठरत नव्हतं. होर्यूजीच्या मुख्य मंडपातली मूळ भित्तिचित्रं २६ जानेवारी १९४९ च्या आगीत करपली. त्यांच्या नकला काढण्याचं काम चालू असतानाच आग लागली. आता भिंतींवर आहेत ती १९६७-६८ मध्ये पुन्हा रंगवलेली. शेवटी काल सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराने अजिंठ्यात वर्षानुवर्षं बसून केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनला जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेतल्या ग्रिफिथ्सने नंतर करवून घेतलेल्या नकलाही पुढे १८८५ च्या आगीत बऱ्याच गेल्या. आपल्याकडे नकला जळाल्या, मूळ राहिलं. त्यांच्याकडे मूळ गेलं, पण त्यांनी परत रंगवलं. मला ते परत रंगवलेलं बघायचंय." त्याच आगीमुळे जपानने १९५० मध्ये सांस्कृतिक ठेवा जपण्याचा कायदा केला, हेही तिनेच सांगितलं. मला माहीत नव्हतं.

तर आता टोकियो ३, क्योतो ४, हिरोशिमा २, कोयासान १, ओसाका १. नारा-होर्यूजीच्या दिवशी पास सुरू, दुसऱ्या दिवशी हिमेजी करून हिरोशिमा, तिसरा मियाजिमाचा, चौथ्या सकाळी ओसाका आणि तिथल्या नांबा स्थानकाहून कोयासान (ती खासगी रेल्वे, पास चालत नाही), पाचव्या दिवशी ओसाका.

प्रतिसाद १

छान बसवलंत. एकच बदल करा: सकाळी आधी होर्यूजी, मग नारा. नाऱ्याहून गाडीने बारा मिनिटं लागतात, पण स्थानक ते मंदिर वीस मिनिटांची चाल आहे, आईंसाठी बस किंवा टॅक्सी घ्या. शाळांच्या सहली यायच्या आत मंडपात पोचलात तर शांतपणे बघता येईल.

धागाकर्ती

शाळांच्या सहली येत असतील तर आईला त्याच वेळी न्यायला हवं. ती तेवढ्यासाठी थांबेल.

आता एवढंच विचारायचं राहिलं: कोयासानला जेवण जमिनीवर बसून असतं का? खुर्ची किंवा पलंग मिळणारी मंदिरं आहेत का, आणि खोली राखतानाच तसं कळवावं लागतं का? कुणी राहून आलं असेल तर कृपया सांगा, या आठवड्यात खोली राखायची आहे.