मदत हवी आहे: इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, पण मन लागत नाही

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या ७व्या सेमिस्टरला आहे. एम-३ची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, केटी (नापास होऊन राहिलेला विषय) अजून डोक्यावर. लाप्लास ट्रान्सफॉर्मचं तेच पान तासभर समोर उघडं असतं आणि मी समासात पेन्सिलीनं रेघोट्या ओढत बसतो. ओढा सगळा इतिहासाकडे.

सोडून मुक्त विद्यापीठातून बीए करायचं तर पुन्हा ३ वर्षं. पुढे राज्यसेवा परीक्षा द्यायची तर तिला कुठलीही पदवी चालते, म्हणून हीच पुरी करायचं ठरवलंय. शिवाय बाबांनी कर्ज काढून फी भरलीय, ते विसरता येत नाही.

आवड उडाल्यावरही ज्यांनी पदवी पूर्ण केली, त्यांनी कृपया सांगा: रोज अभ्यासाला कसे बसायचात? केटी आधी सोडवली की चालू विषय? आणि घरी हे बोललात का?