शाळेच्या प्रोजेक्टसाठी धबधबा बघायला गेलेल्यांनो, अनुभव लिहा (नळदुर्ग, रामलिंग, कुठलाही)

माझ्या मुलीला सहावीत प्रोजेक्ट मिळाला, "आपल्या भागातील धबधबा, कुटुंबासोबत प्रत्यक्ष भेट". सोलापुरात पाऊस तसा कमीच पडतो, तिनं पहिल्यांदा विचारलं की आई आपल्याकडं धबधबा असतो का गं. ह्यांनी लगेच सांगितलं नळदुर्ग, किल्ल्यातला नर-मादी. हैदराबाद रोडनं बोरामणी, इटकळ करत तासाभरात पोचलो, सोबत सासूबाई, धाकटा, डब्यात धपाटे, दही आणि शेंगाचटणी.

मला तोवर वाटायचं धबधबा म्हणजे डोंगरावरनं पडणारं पाणी. नळदुर्गात तसं नाहीये, बोरी नदी किल्ल्यातच बांध घालून अडवलीय आणि त्या बांधाच्या भिंतीवरून पाणी दोन ठिकाणी खाली पडतं, एक नर आणि एक मादी. बांधाच्या आतच पाणीमहाल आहे, इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला, 1613 चा. आम्ही पायऱ्या उतरून खाली गेलो, आत अंधार, दगड गार, आवाज एवढा की सासूबाई काय म्हणतायत ते ओठांवरून कळत होतं, आणि मग ती खिडकी. खिडकीच्या बाहेर पांढरं पाणी सरळ खाली चाललेलं. मुलीनं एक हात भिंतीला लावला आणि दुसरा खिडकीतून बाहेर काढला, म्हणाली, "आई हा कोरडाय बघ आणि हा भिजला." वहीत तिनं पहिलं वाक्य तेच लिहिलं, मी एक अक्षर सांगितलं नाही. मला त्याचा फार आनंद आहे म्हणून हा धागा काढला. तुम्ही मुलांना कुठं नेलं, काय बघितलं, लिहा सगळ्यांनी. प्रोजेक्टच्या निमित्तानं घरातली सगळी एकत्र गेलेली असतात, ते लिहून ठेवायला पाहिजे.

बार्शीहून लिहितोय. ताई, आम्ही येडशीच्या रामलिंगला गेलो होतो, मुलगा पाचवीत. तिथला धबधबा नैसर्गिक आहे, महादेवाच्या देवळाजवळ, पावसाळ्यात सगळा घाट हिरवागार असतो. आमच्या वडिलांनी नातवाला जटायूची गोष्ट सांगितली, तहानलेल्या जटायूसाठी रामानं बाण मारून पाणी काढलं ती. आणि मी त्याला दगड दाखवला. आपल्याकडचा सगळा काळा दगड म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, त्यातला मऊ थर आधी झिजतो, कठीण राहतो आणि तिथं पाण्याला उडी मिळते. त्यानं दोन्ही लिहिलं, डाव्या पानावर जटायू, उजव्या पानावर दगडाचे थर. बाईंनी विचारलं यातलं खरं कुठलं, तर म्हणाला आजोबांचं पण आणि पप्पांचं पण. माकडं मात्र लई आहेत हो तिथं, आमची चिवड्याची पिशवी हातातनं गेली, खायचं गाडीतच ठेवा.

आम्ही चुकून मे महिन्यात गेलो नळदुर्गला, कारण प्रोजेक्ट सुट्टीचा होता. पाणी एक थेंब नाही. वरचं बोरी धरण भरून वाहिल्याशिवाय नर-मादी चालू होत नाही, हे तिथं गेल्यावर कळलं. पोरगी रडायला लागली. माझे सासरे यंत्रमागावर आयुष्य काढलेले, ते तिला भिंतीसमोर घेऊन बसले आणि म्हणाले पाणी नाही तर पाण्याची वाट बघ. खरंच भिंतीवर दोन रुंद पट्टे होते, वाळलेल्या शेवाळाचे, काळपट, एकीकडं थोडी मातकट पापडी सुटलेली. पाणी कुठून कसं उतरतं, कुठं फुटतं ते सगळं त्या पट्ट्यांवर दिसत होतं. तिनं तासभर बसून ते चित्र काढलं. वाहतं पाणी असतं तर असं निवांत बसणं झालंच नसतं.

आमचा दहावीतला आहे त्यानं मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढला, पाण्याचा एक पांढरा गठ्ठा धरला आणि तो वरच्या कडेपासून खालपर्यंत यायला किती वेळ लागतो ते मोजलं. पाचदा केलं, जवळपास 2 सेकंद. मग 4.9 गुणिले वेळेचा वर्ग, म्हणजे साधारण 20 मीटर. हवेचा अडथळा धरला नाही असं पण त्यानं खाली लिहिलं, ते मला जास्त आवडलं.

मी शिक्षिका आहे, म्हणून दोन शब्द. कृपा करून स्टेशनरीतून तयार चार्ट आणू नका. आमच्याकडं एका वर्षी एकाच फोटोचे अकरा चार्ट आले होते, मुलं बिचारी गप्प उभी. आणि एका मुलानं अर्ध्या पानावर लिहून आणलं होतं की पाण्याचा वास ओल्या पोत्यासारखा येत होता आणि माझे कान घरी येईपर्यंत वाजत होते. तो खरंच जाऊन आला होता, हे वाचल्या वाचल्या कळलं. तेच हवं असतं आम्हाला.

एक सांगून ठेवतो दादा-ताईंनो, शेवाळावर माझा मुलगा घसरला, कोपर फुटलं, तीन टाके. मी फोटो काढत होतो, त्याचा हात सोडला होता. हात सोडू नका, साध्या चपला नको, आणि पाणी जास्त असल्यावर पाणीमहाल बंद ठेवतात तेव्हा तिथं हुज्जत घालू नका.

धागा काढणारी मीच परत. सगळ्यांचं मुलीला वाचून दाखवलं. मे महिन्यातल्या त्या काळ्या पट्ट्यांवर ती अडकलीय, म्हणते आपण भरलेला बघितला, आता उन्हाळ्यात वाळलेला बघायला जायचं. सासूबाई म्हणाल्या, तेव्हा धपाटे नको, उन्हात कैरीचं पन्हं घेऊ.