रे बोर्कची कारकीर्द डेन्व्हरला पूर्ण झाली, की बॉस्टनमध्येच पूर्ण होती?

केदार_वॉल्थम

बचावपटू रे बोर्कचं नाव निघालं की आइस हॉकीवाले थेट ९ जून २००१ वर येतात. डेन्व्हरच्या कोलोराडो ॲव्हलांचने न्यू जर्सी डेव्हिल्सला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात ३-१ हरवलं, उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगचा विजेतेपदाचा स्टॅनली कप कर्णधार ज्यो सॅकिकच्या हातात आला. रिवाज असा की कर्णधाराने तो आधी स्वतः डोक्यावर उचलायचा. सॅकिकने तसं न करता तो सरळ ४० वर्षांच्या बोर्कच्या हातात दिला. २२ हंगाम, प्लेऑफ (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या) धरून १,८२६ सामने, आणि मग पहिला कप.

दृश्य मोठंच आहे. पण त्यावर "अखेर कारकीर्द पूर्ण झाली" हे जे ठरलेलं वाक्य येतं, त्याला माझा कडाडून विरोध आहे. बोर्क बॉस्टन ब्रुइन्सकडून १,५१८ सामने खेळला आणि कोलोराडोकडून ९४ (दोन्ही आकडे प्लेऑफ वगळून). त्या ९४ साठी आधीच्या १,५१८ सामन्यांना स्टेशनवरची प्रतीक्षा ठरवायचं?

मॉन्ट्रियलचा हा मुलगा १९७९ च्या ड्राफ्टमध्ये (क्लबांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायचे) आठव्या क्रमांकावर बॉस्टनने घेतला. पहिल्याच हंगामात ६५ गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्यांच्या गोलांना दिलेले पास मिळून), सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी, आणि शिवाय लीगच्या पहिल्या ऑल-स्टार संघात जागा. गोलरक्षक सोडून कुठल्याही नवोदिताला हे त्याआधी जमलं नव्हतं. पुढे सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी पाच वेळा. निवृत्त झाला तेव्हा नावावर ४१० गोल आणि १,५७९ गुण, बचावपटूंमध्ये आजही सर्वाधिक. १९९० मध्ये लीगच्या सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी मार्क मेसियरला गेली ती मतांच्या अवघ्या दोन गुणांनी.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: त्याला त्या कपची गरज नव्हती, आणि मार्च २००० मध्ये त्याने बॉस्टन सोडायला नको होतं. पुढची मतं वाचायला आवडतील.

डेन्व्हरची_मुग्धा

"गरज नव्हती" हे ठरवणारे तुम्ही-आम्ही कोण? वयाच्या अठराव्या वर्षापासून गुडघे, खांदे, पाठ झिजवली ती त्याने. कप हवा होता तो त्याला.

आणि कोलोराडोत तो कोपऱ्यात उभा राहून फोटो काढायला आला नव्हता. २०००-०१ मध्ये ८० सामने, ५९ गुण, नॉरिसच्या मतदानात डेट्रॉइटच्या निकलास लिडस्ट्रॉमच्या मागे दुसरा. चाळिशीत! सामन्यागणिक पंचवीस मिनिटांहून जास्त बर्फावर. अंतिम फेरीच्या तिसऱ्या सामन्यात, न्यू जर्सीच्या घरात, तिसरा म्हणजे शेवटचा पिरियड सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं तेव्हा १-१ ची कोंडी फोडणारा गोल त्याचाच.

शिवाय पीटर फोर्सबर्गची प्लीहा दुसऱ्या फेरीनंतर शस्त्रक्रियेने काढावी लागली, म्हणजे संघाचा सर्वात दणकट सेंटर पुढचे सगळे सामने बाहेर. डेव्हिल्स मालिकेत ३-२ ने पुढे होते. तिथून सहावा ४-० आणि सातवा ३-१ काढलाय. हे आयतं मिळालेलं म्हणणार असाल तर बोलणंच खुंटलं.

जुनी_गार्डन

मी केदारपेक्षाही एक पायरी पुढे जाईन. कर्णधाराने बुडतं जहाज मध्येच सोडलं, आणि याबद्दल बॉस्टनमध्ये फार मवाळपणे बोललं जातं.

ब्रुइन्स १९६८ ते १९९६ सलग २९ हंगाम प्लेऑफमध्ये होते. मग १९९७ ला घसरण, त्या वर्षी ज्यो थॉर्नटनला पहिल्या क्रमांकावर घेतलं. पोरगा अठरा वर्षांचा. अशा वेळी संघाला ड्रेसिंग रूममध्ये वडीलधारं कोणी हवं असतं की नाही? ६ मार्च २००० ला कर्णधार दुसऱ्या शहरात. तोही एकटा नाही, सोबत डेव्ह अँड्रेचक.

३ डिसेंबर १९८७ ची रात्र आठवा. ब्रुइन्सचा जुना तारा फिल एस्पोसिटो, त्याचा ७ क्रमांक निवृत्त करण्याचा, म्हणजे पुन्हा कोणाला न देण्याचा सोहळा. बोर्क तोवर तोच ७ घालून खेळत होता. तो एस्पोसिटोपाशी गेला, अंगातली ७ नंबरची जर्सी काढून त्याच्या हातात दिली, आतून दुसरी निघाली ७७ ची. आधी कोणाला पत्ता नव्हता. क्लबच्या परंपरेला एवढा जपणारा माणूस शेवटच्या टप्प्यात स्वतःपुरतं बघतो, हे मला आजही लागतं.

रानमेवा

@जुनी_गार्डन, परंपरेची गोष्ट काढलीत म्हणून. ज्या एस्पोसिटोचा सोहळा तुम्ही सांगताय त्याला १९७५ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सला देऊन कोणी टाकलं? बॉस्टननेच. ब्रुइन्सचा महान बचावपटू बॉबी ऑर १९७६ ला शिकागोला गेला, गुडघा पार निकामी झालेला. निष्ठा हा एकतर्फी व्यवहार आहे का? क्लबने वाटेल तेव्हा खेळाडू विकायचा, आणि खेळाडूने वीस वर्षांनी एकदा तोंड उघडलं तर "स्वतःपुरतं बघतो"?

उलट बोर्कवर कोणी रागवायचं तर ते इतर खेळाडूंनी. करारासाठी ताणून धरणं त्याच्या स्वभावात नव्हतं, क्लब देईल त्यात तो समाधानी. खेळाडू संघटनेला ते खुपायचं, कारण एवढा मोठा खेळाडू कमी पैशात राजी झाला की बाकीच्यांचे भाव पडतात. ब्रुइन्सने ती निष्ठा वर्षानुवर्षं स्वस्तात वापरली. खर्चाला हात आखडता घेणारा क्लब म्हणून त्यांची ख्याती होतीच.

शुभदा_प

मी हा खेळ फारसा बघत नाही, पण चर्चा रंगतेय. एक बाळबोध शंका: बचावपटूने एवढे गोल कसे केले? त्याचं काम अडवायचं ना?

केदार_वॉल्थम

@शुभदा_प, बाळबोध अजिबात नाही, सगळा मुद्दा तिथेच आहे.

बर्फावर एका संघाचे सहा जण: गोलरक्षक, तीन फॉरवर्ड, दोन बचावपटू. बचावपटू जोडीने खेळतात. शिफ्ट पाऊण-एक मिनिटाची, मग बाकावर, मग परत. समोरून फॉरवर्ड पूर्ण वेगात येतोय आणि तुम्ही उलटे, पाठीकडे स्केटिंग करत त्याला कडेला ढकलताय. नजर पकवर (रबरी चकतीवर) ठेवली तर फसलात, त्याच्या छातीवर ठेवायची. पक हिसकावला की खरं काम सुरू, कारण पहिला पास तुमचा. तो चुकला तर पक पुन्हा तुमच्याच गोलरक्षकाच्या तोंडावर. आणि आपला संघ चढाईवर असताना बचावपटू समोरच्यांच्या हद्दीच्या निळ्या रेषेवर उभा राहतो, तिथून लांबचा फटका मारतो.

बोर्क हे सगळं एकाच शिफ्टमध्ये करायचा. रुंद बांधा, खाली वाकलेला, धक्का दिला तरी हलायचा नाही. नेम तर असा की ऑल-स्टारच्या स्पर्धेत चार कोपऱ्यांतली चार लक्ष्यं चार फटक्यांत फोडून दाखवलीत.

१९९० च्या अंतिम फेरीचा पहिला सामना घ्या. एडमंटन २-० पुढे. तिसऱ्या पिरियडमध्ये बॉस्टनचे दोन्ही गोल बोर्कचे, २-२. मग तिसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत सामना चालला आणि शेवटी पेत्र क्लीमाने एडमंटनला जिंकून दिलं. स्टॅनली कपच्या अंतिम फेरीतला हा सर्वात लांबलेला सामना. बचावपटू याहून जास्त काय करू शकतो? ती मालिका बॉस्टन हरलं म्हणून त्या रात्रीच्या बोर्कची किंमत कमी होते का?

अमरावतीकर

हॉकीत मी नवखा आहे, पण हा प्रश्न आपल्याकडे अगदी असाच पडला होता. वसीम जाफर. मुंबईचा घट्ट माणूस, २०१५-१६ पासून विदर्भाकडे. २०१७-१८ ला विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा. त्या दुसऱ्या हंगामात चाळिशीतल्या जाफरने हजारावर धावा केल्या. तो गेला म्हणून मुंबईचा कुठला जाणता माणूस त्याला बेइमान म्हणाला? आणि आम्हाला विचाराल तर आमची पोरं त्याच्या शेजारी उभी राहून फलंदाजी शिकली. मोठा खेळाडू नव्या घरी गेला की त्या घराला काय मिळतं, तेही बघा.

केदार_वॉल्थम

@अमरावतीकर, उदाहरण चांगलं आहे, फरक मात्र मोठा आहे. जाफर मुंबईकडून अनेकदा रणजी जिंकून विदर्भात गेला. त्याला कोणी "अपूर्ण" म्हणत नव्हतं. बोर्कला म्हणत होते, आणि त्या दडपणापायी तो गेला. मला राग बोर्कचा नाही, त्या "अपूर्ण" या शिक्क्याचा आहे.

ब्रॅड पार्क घ्या. बोर्कच्या सुरुवातीच्या वर्षांत बॉस्टनमधला त्याचा ज्येष्ठ सहकारी. नॉरिसमध्ये सहा वेळा दुसरा, बहुतेकदा समोर ऑर. कप एकदाही नाही. तरीही १९८८ ला हॉल ऑफ फेममध्ये. हॅरी हॉवेल, रेंजर्सकडून १७ हंगाम, १९६७ ची नॉरिस, कप नाही, तोही हॉल ऑफ फेममध्ये. यांच्या कारकिर्दी अर्ध्या राहिल्या का?

डेन्व्हरची_मुग्धा

पण केदार, पार्कचं नाव आज घेतं कोण? तुमच्यासारखे दर्दी. बोर्कचं नाव ज्यांनी एक हॉकी सामना पाहिला नाही त्यांनाही माहीत आहे, ते त्या रात्रीमुळे.

आणि तो "दडपणापायी गेला" याला आधार काय? इथे आल्यावर त्याने टोप्या वाटल्या होत्या, "मिशन सिक्स्टीन डब्ल्यू". डब्ल्यू म्हणजे विन; कप जिंकायला सोळा विजय लागतात, चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत चार. योगायोग असा की न्यू जर्सी टर्नपाइक या महामार्गाचा त्याच क्रमांकाचा एक्झिट डेव्हिल्सच्या तेव्हाच्या मैदानाकडे जायचा. हा दडपलेला माणूस वाटतो का? दोन-चार जाणत्यांनी मिळून पोरांना कामाला लावावं तसा तो इथे वागला.

हातोडा

दोन्ही बाजू एक माणूस विसरताहेत: हॅरी सिंडेन. ब्रुइन्सचा मॅनेजर, खर्चात चिकट म्हणून बदनाम. बोर्कला पूर्वेकडेच राहायचं होतं, फिलाडेल्फिया त्याच्या मनात होतं, घर जवळ पडलं असतं. सिंडेनने त्याला कोलोराडोला पाठवलं, कारण कपची शक्यता तिथे जास्त दिसत होती. बदल्यात ब्रायन रोलस्टन, काही तरुण पोरं आणि पहिल्या फेरीतली एक निवड. व्यवहार म्हणून बॉस्टनच्या पदरात फार पडलं नाही. तेव्हा "कर्णधार पळाला" हे चित्र मला पटत नाही. क्लबने निरोप दिला, आणि चांगल्या घरी पाठवून दिला.

जुनी_गार्डन

निरोप दिला हे मान्य करू. मग १२ जून २००१ चं काय? कप घेऊन बोर्क बॉस्टनच्या सिटी हॉल प्लाझात आला, हजारो माणसं जमली. दुसऱ्या संघाने जिंकलेल्या कपासाठी आमच्या शहरात जल्लोष! मला तेव्हाही ते सहन झालं नाही. आम्ही १९७२ पासून कपाविना होतो, आणि टाळ्या वाजवत होतो डेन्व्हरच्या कपाला. २०११ मध्ये ब्रुइन्स स्वतः जिंकले, कर्णधार झ्देनो चारा, तोही बचावपटूच, तेव्हा कुठे जीव शांत झाला. बोर्कने खेळायचं थांबवून बॉस्टनमध्येच निवृत्ती घेतली असती तर त्याचा मान माझ्या लेखी दुप्पट झाला असता.

रानमेवा

ती हजारो माणसं मूर्ख नव्हती हो. कप कोणाचा ते त्यांना चांगलं माहीत होतं. २० वर्षं ज्याला राबताना पाहिलं त्याच्या हातात तो बघायला आली होती. क्लबचा अभिमान आणि माणसावरची माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही एकीने दुसरीला मारताय.

केदारलाही एक विचारतो. १९९८ ला नागानो ऑलिंपिकमध्ये चेक संघाविरुद्ध उपांत्य सामना शूटआउटला गेला, समोर चेक गोलरक्षक हाशेक. कॅनडाने निवडलेल्या पाच जणांत बोर्क होता आणि हॉकीतला सर्वात मोठा मानला जाणारा ग्रेट्झ्की बाकावर बसून होता. पाचही जण चुकले. म्हणजे ३७ व्या वर्षी देशाने ज्याला ग्रेट्झ्कीच्या आधी पुढे केलं, त्याला स्वतःच्या क्लबात जिंकण्याची आशा उरली नव्हती. अशा खेळाडूला "तुझं सगळं झालंय, आता गप्प बस" हे सांगणं सन्मान कसा?

केदार_वॉल्थम

@रानमेवा, मुद्दा लागला. "सोडायला नको होतं" हे माझं वाक्य त्याच्यावर हक्क सांगतं, तेवढं मागे घेतो. जावंसं वाटलं, गेला, उत्तम खेळला. मुग्धा यांनी दिलेले आकडे मी नाकारत नाही.

"पूर्ण झाली" या वाक्यावर मात्र मी ठाम आहे. ॲव्हलांचने नोव्हेंबर २००१ मध्ये त्याचा ७७ निवृत्त केला, बॉस्टनने ऑक्टोबरमध्ये केल्यावर लगोलग. ९४ सामन्यांसाठी! कोलोराडोत १५ गोल, बॉस्टनमध्ये ३९५. दोन्ही क्लबांच्या मैदानांच्या छतांवर एकाच मापाची जर्सी टांगलीय. उद्या एखादं पोर दोन्हीकडे बघून म्हणेल, दोन्ही ठिकाणी सारखंच झालं असणार. हे मला चुकीचं वाटतं.

डेन्व्हरची_मुग्धा

जर्सी आमच्या छतावर आहे आणि राहील. सामने मोजून नंबर निवृत्त करायचा असेल तर मग क्लबांनी हिशेबनीस नेमावेत. २००१ च्या त्या संघात सॅकिक होता, गोलरक्षक पॅट्रिक र्‍वा होता, प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्मिथ ट्रॉफीही र्‍वालाच मिळाली. तरी कप पहिला कोणाच्या हातात जायचा याबद्दल त्यांच्यापैकी कोणाच्या मनात शंका नव्हती. रोज त्याच्यासोबत सराव करणाऱ्यांनी ते ठरवलं होतं. ९४ सामन्यांत एवढं कमावलं असेल तर ते ९४ कमी कसे?