मदत हवी आहे : डावणी ही बुरशी आहे की नाही?

मंडळी, आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे. भुरी आणि डावणी हे द्राक्षावरचे दोन रोग. पुतणी अकरावी सायन्सला. पुस्तकात बुरशीचे चार गट आहेत : फायकोमायसिटीज, अ‍ॅस्कोमायसिटीज, बॅसिडिओमायसिटीज आणि ड्यूटेरोमायसिटीज. तिनं विचारलं, "काका, आपली भुरी कशात बसते आणि डावणी कशात?" भुरी अ‍ॅस्कोमायसिटीजमध्ये, एवढं सापडलं. डावणी, म्हणजे केवडा, एका ठिकाणी फायकोमायसिटीजमध्ये दिसतो, दुसरीकडे लिहिलंय की ती बुरशीच नाही!

दुकानदार भुरीला हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक देतो, पण डावणीला ते मारू नका म्हणतो. का, तर "चालत नाही". याचा गटाशी काही संबंध आहे का?

प्रतिसाद :
दादा, संबंध आहेच. खऱ्या बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची असते. झुरळाच्या कवचात असतं तेच हे कायटिन. डावणीच्या भित्तिकेत मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोज. ती ऊमायसिटीज गटातली, नात्यानं तपकिरी शैवाल आणि डायटम या एकपेशीय शैवालाच्या जवळची. खरी बुरशी मात्र वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची, हे पुतणीला जरूर सांगा. तंतू दोघींनाही असतात, बीजाणूही दोघी सोडतात, म्हणून जुन्या वर्गीकरणात दोघी एकत्र गेल्या.

आता औषध. बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल (आपल्या कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ) लागतं. हेक्झाकोनॅझोल ते तयार होऊ देत नाही. डावणी अर्गोस्टेरॉल बनवतच नाही, मग ते औषध अडवणार काय? मेटॅलॅक्झिल या दुसऱ्या औषधाचं उलट, ते डावणीवर चालतं, भुरीवर नाही. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८५ मध्ये फ्रान्समध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं पुढे आणलं, तेही डावणीसाठीच.

फरक पानावरही दिसतो. डावणीचे तेलकट पिवळे डाग पानाच्या वर, आणि पांढरी लव खाली. कारण ती पानाच्या आत वाढते आणि खालच्या पर्णरंध्रांतून बाहेर डोकावते. तिच्या चलबीजाणूंना दोन शेपट्या असतात, ते पाण्याच्या थरातून पोहत रंध्रापर्यंत जातात. फळछाटणीनंतर पाऊस लागला की पोटात गोळा येतो तो यामुळेच! भुरी पानावरच पसरते, पेशीत फक्त शोषक घुसवते. म्हणून राखेसारखी बोटाला लागते. तिला रुजायला पान ओलं असायची गरज नाही.

प्रतिसाद :
बाकी गटांबद्दल : यीस्ट आणि पेनिसिलियम भुरीच्याच गटात. गव्हाचा तांबेरा, काणी, धिंगरी अळिंबी हे बॅसिडिओ. पावावरची ऱ्हायझोपस डावणीबरोबर फायकोमायसिटीजमध्ये होती, पण ती खरी बुरशी, त्यामुळे फायकोमायसिटीज हा गट आता मोडलाय. ड्यूटेरोमायसिटीज म्हणजे ज्यांची लैंगिक अवस्था सापडली नव्हती त्यांची धर्मशाळा. डीएनए तपासल्यावर त्यातल्या बहुतेकांची रवानगी अ‍ॅस्कोमध्ये झाली.

धागाकर्ता :
दुकानदाराचं "चालत नाही" आता कळलं. पण पेपरात काय लिहायचं तिनं?

प्रतिसाद :
अकरावीच्या पेपरात पुस्तकातले चार गटच लिहायचे, मार्क त्यालाच. 'नीट' (NEET) वगैरे प्रवेश परीक्षा देणार असेल तर तिथेही सध्या पुस्तकच धरा. बागेत मात्र औषध घेताना ऊमायसिटीज वेगळे.