तेव्हा शिव्या घातल्या आणि आता डोक्यातून जात नाही (किंवा बरोब्बर उलटं), असा तुमचा सिनेमा कोणता?

तारीखवाला

नमस्कार मंडळी. विषय काही नवा नाही पण रविवारी घरी यावरून एवढी वादावादी झाली की म्हटलं इथे टाकूनच देऊ.

तर झालं असं, 2015 ला 'कोर्ट' लागला. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, व्हेनिसला पण गाजलेला, म्हणून मीच पुढाकार घेऊन ऑफिसातल्या पाच जणांची तिकिटं काढली. आयुष्यातली चूक. कॅमेरा एका जागी ठेवून कुणीतरी चहाला गेलंय असं वाटत होतं. न्यायाधीश टायपिस्टला सांगतायत, वकील कलमं वाचतायत, आरोप काय तर शाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला, आणि सगळे हे इतक्या गंभीरपणे बोलतायत जसं काय गॅसच्या सिलिंडरचा नंबर लावतायत. शेवटी कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, एकेक करून दिवे बंद होतात, पडद्यावर मिट्ट अंधार. आम्ही उठलो, एकजण तर चपला शोधायला खाली वाकलेला, आणि सिनेमा परत सुरू! न्यायाधीश साहेब रिसॉर्टवर, बाकावर बसल्या बसल्या डुलकी, पोरं ओरडून उठवतात, एका पोराला थोबाडीत, संपला. बाजूचा मित्र मोठ्याने म्हणाला, "बस?" अख्खं थिएटर हसलं. त्यात मी पण होतो. पुढे वर्षभर ऑफिसात मला सिनेमा निवडू दिला नाही कुणी.

2016 ला आमची बांधाची केस उभी राहिली. चुलत्यांशी. गाव, कोर्ट काही सांगत नाही कारण अजून चालूच आहे. वडील प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून, सातबाऱ्याचे उतारे कॅरीबॅगमधे घेऊन सकाळी साडेदहाला हजर. बोर्डावर नंबर 43. दिवसभर बाकावर. पावणेपाचला पुकारा होतो, हे धावत आत जातात, समोरचे वकील मुदतीचा अर्ज देतात, पुढची तारीख. मी एकदा घड्याळ लावून मोजलं, 40 सेकंद. वडील बाहेर येऊन मला विचारतात "काय झालं रे?" आणि मी इंजिनिअर माणूस, मला पण कळलेलं नसतं काय झालं.

लॉकडाऊनमधे तोच सिनेमा परत लावला आणि खरं सांगतो, हललो नाही जागचा. ज्याला मी बोअर म्हणत होतो ते म्हणजे आमचं वेटिंग होतं हो! एका बाईची केस पुकारतात आणि ती बिनबाह्यांचा ड्रेस घालून आली म्हणून न्यायाधीश ऐकूनच घेत नाहीत, तेव्हा 2015 ला मी हसलेलो. आणि ती सरकारी वकील बाई, तिला मी खलनायिका समजत होतो, तर ती बिचारी लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, घरच्यांना घेऊन नाटकाला जाते. आमच्या विरोधातले वकील पण असेच असणार, संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन घरी जात असणार.

बायकोचं म्हणणं असं की सिनेमा बोअरच आहे, फक्त तू म्हातारा झालास. वर तिने पुरावा दिला की 'माहेरची साडी' बघून तू मावशीच्या मांडीवर ढसाढसा रडला होतास हे सासूबाईंनी सांगितलंय. आता हे खरं आहे. 1991 ला मी सहा वर्षांचा, थिएटरात अलका कुबल रडायला लागल्या की मागून पुढून नाक शिंकरल्याचे आवाज. मागच्या महिन्यात टीव्हीवर लागला तर 15 मिनिटं नाही झेपला. बाई अगं उठ आणि बोल काहीतरी असं होत होतं.

तर मग सांगा तुमचे असे पलटी मारलेले सिनेमे.

---

करमाळ्याकडचा

भाऊ मी सैराटबद्दल बोलणार, ज्याला कंटाळा आलाय त्यानी स्क्रोल करा.

शूटिंग आमच्याच तालुक्यात झालेलं, नागराज अण्णा जेऊरचे, त्यामुळे 2016 ला आम्ही पिक्चर बघायला नव्हतो गेलो, आम्ही वरातीला गेलेलो. तालुक्याच्या थिएटरला, नऊ पोरं, दोन गाड्यांवर. झिंगाटला खुर्च्यांवर उभे, पुढच्या रांगेतला एकजण शर्ट काढून फिरवत होता, गाणं परत लावा म्हणून दंगा. आणि मग इंटरव्हल नंतर हैदराबाद सुरू झालं तसं थिएटर गार. झोपडी, डोशाची गाडी, भांडणं. पारश्या संशय घेतो, आर्चीला कानाखाली मारतो. आमच्यातला एकजण म्हणला "ह्यो काय लावलंय, गाणी लावा." मला पण राग आलेला. आणि शेवट तर, ते बारकं पोरगं, त्याची लाल पावलं, म्युझिक नाय काय नाय. बाहेर आल्यावर कुणी गाडीला किक मारेना. मी 19 वर्षाचा होतो, मी म्हणलं चांगला पिक्चर शेवटी नासवला, दोघांना सुखात दाखवायला काय पैसे पडत होते का. लई दिवस हेच म्हणत फिरलो.

मग 2018 ला धडक आला आणि मला माझं उत्तर मिळालं. सगळं गुळगुळीत केलं की काय होतं ते बघितलं. तिकडं उदयपूर, कोलकाता, सगळं चकाचक, पण जातीचा विषय येईल तिथं गाडी बाजूनं काढलेली. आर्ची पाटलाची पोरगी आणि पारश्या मासेमारी करणाऱ्याचा पोरगा, हे काढलं तर राहिलं काय, लव्हस्टोरी तर कुठंबी मिळती. आणि शेवट पण बदलला, पोरगी वाचती आन नवरा-पोरगं जातं. का बदलला हे मला आजपर्यंत कळलेलं नाय. सैराटच्या शेवटाला ते भाऊ लोक घरी येतात, आर्ची त्यांना चहा करून देती, तिला वाटतंय माहेरनं माफ केलं. तो चहा बघून माझ्या पोटात गोळा येतो अजून. हिंदीत तसा गोळा आला नाय.

आता मला इंटरव्हलच्या आधीचाच भाग जास्त लांबलेला वाटतो, हैदराबादचा आवडतो. लग्न झालंय माझं मागल्या वर्षी, दीड खोलीत भाड्यानं राहतोय पुण्यात, बायको म्हणती आपण सेकंड हाफमधे आहोत 😄

---

थालीपीठ_आणि_लोणी

@तारीखवाला दादा, तुमच्या केसबद्दल वाईट वाटलं पण वहिनींच्या बाजूने मत देते. कोर्ट मी पण दोनदा बघितला, दुसऱ्यांदा पण बोअर झाला. चांगला आहे हे मान्य, पण चांगला असणं आणि आवडणं या दोन वेगळ्या भाज्या आहेत, आणि पुरस्कार मिळाला की आवडलाच पाहिजे ही सक्ती कुणी केली. शाहीर झालेले वीरा साथीदार मात्र कमाल. कोविडमधे गेले ते वाचून खूप हळहळ वाटली होती.

माझी केस वेगळीच आहे. मला 'बाईपण भारी देवा' आवडला नाही. हे मी आजपर्यंत घरात बोलले नाहीये, इथे पहिल्यांदा कबूल करतेय. सहा बहिणी, प्रत्येकीला एकेक प्रॉब्लेम वाटून दिलेला, सगळे प्रॉब्लेम शेवटच्या मंगळागौरीत सुटतात, मागे सतत भावनिक म्युझिक की आता रडा बरं का. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते एवढ्या मोठ्या नट्या, त्यांना जरा गप्प बसू दिलं असतं तर चेहऱ्यावरच केलं असतं त्यांनी.

पण. 2023 च्या जुलैमधे आईची भिशी नऊवारी नेसून गेली हा सिनेमा बघायला, 14 बायका, आणि ड्रायव्हर कम फोटोग्राफर म्हणून मी. त्यात माझी मोठी मावशी, जी काका गेल्यापासून लग्नकार्यात पण मागच्या खुर्चीवर बसते, थिएटरला येऊन वीस वर्षं झाली असतील. गुडघ्याला पट्टा. इंटरव्हलला कुणीतरी लॉबीत फुगडी सुरू केली, पॉपकॉर्नवाला पोरगा हातातला टब तसाच धरून बघतोय, आणि आमच्या मावशीने हातातली पर्स माझ्याकडे फेकली. फेकली म्हणजे फेकली. दोन गिरक्या, तिसरीला गुडघा बोलला, मग खुर्चीवर बसून हसत बसली. नथ गालावर आलेली.

आता हा सिनेमा मला आवडत नाही असं मी कोणत्या तोंडाने सांगू? पण परवा ओटीटीवर एकटीने बघितला तर परत नाहीच आवडला. म्हणजे मला लॉबी आवडली होती बहुतेक.

---

कट्टा_नं_4

बनवाबनवीला कुणी नावं ठेवली तर धागा उडवा ही अ‍ॅडमिनना आगाऊ विनंती.

---

भाडेकरार

@कट्टा_नं_4 नावं नाही ठेवत पण माझी पलटी त्याच सिनेमावर झालीये त्यामुळे सांगतोच.

1988 चा सिनेमा, कॅसेटवर, टीव्हीवर, यूट्यूबवर मिळून किती वेळा बघितला ते मोजायचं सोडून दिलं. शिकायला पुण्यात आलो तेव्हा आम्ही चार जण कॉटबेसिसवर, आम्ही म्हणजे अशोक सराफ, सचिन, लक्ष्या आणि सिद्धार्थ रे यांचीच शाखा. खोली मागायला गेलो की विचारायचे लग्न झालंय का. मग सुधीर जोशींच्या घरमालकाला आणि लीलाबाई काळभोरांना पोटभर शिव्या. लक्ष्या आणि सचिन साडी नेसून आले की आपलाच विजय झाल्यासारखं वाटायचं.

आता ऐका. हप्ते फेडून फेडून एक वन बीएचके घेतला, भाड्याने द्यायचा ठरवला. चार पोरं आली, चांगली होती हो, एकजण तर आमच्या शेजारच्या गावचा. आणि सोसायटीच्या मीटिंगमधे 'फक्त फॅमिली' या ठरावाला मी हात वर केला. स्वतःचा हात वर गेलेला मी स्वतः बघितला. घरी आलो, टीव्हीवर नेमकी तीच धनंजय माने इथेच राहतात का वाली गडबड चालू. चॅनल बदलला. 36 वर्षांत पहिल्यांदा बदलला असेल.

सिनेमा वाईट झाला नाही, मीच चुकीच्या मजल्यावर जाऊन बसलोय. आणि त्यात महिन्याचं भाडं ऐकलं की आता हसू येण्याऐवजी मेंटेनन्सचं बिल आठवतं.

---

कट्टा_नं_4

लीलाबाई, डिपॉझिट किती? 😂😂

---

कनातीखालून

वय वर्षे 66, टंकलेखनाच्या चुका पदरात घ्याव्यात. नातवाने मोबाईलवर बोलून टाईप करायला शिकवलंय पण ते 'लागू' म्हटलं की 'लागू पडते' असं लिहितं.

आमच्या गावी थिएटर नव्हतं. जत्रेला तंबू यायचा. ट्रकवर मशीन, जमिनीवर बैठक, मधे कापड बांधून एकीकडे बायका एकीकडे बाप्ये. घरून पोतं न्यायचं बसायला. पैसे नसले की कनातीखालून. रीळ बदलेपर्यंत अंधार आणि शिट्ट्या.

तिथे मी 'पिंजरा' पाहिला, सलग पाच रात्री. व्ही. शांतारामांचा, 1972 चा. कशासाठी पाहिला ते त्या वयाच्या पोराला विचारू नये, लावण्यांसाठी. आणि नंतर एका वर्षी 'सामना'. तो मला अजिबात आवडला नाही. एक नाच नाही की मारामारी नाही, दोन माणसं बोलतच बसलेली. दोन्हीकडे डॉक्टर लागू, दोन्हीकडे मास्तरच, पण पहिल्यातला मास्तर बाईपायी बुडतो आणि दुसऱ्यातला बुडालेलाच येतो, दारू पिऊन, आणि एकच प्रश्न विचारत राहतो की मारुती कांबळेचं काय झालं. आम्हा पोरांना तो खुळा वाटायचा. दुसऱ्या दिवशी गावात खेळ, एकाने दुसऱ्याला अडवायचं आणि विचारायचं, मारुती कांबळेचं काय झालं, आणि पळायचं.

पण एक गोष्ट तेव्हा पण डोळ्यात बसली होती. आमच्या भागात पण कारखाना होता आणि त्याचं एक मोठं प्रस्थ होतं, नाव सांगत नाही, हयात नाहीत. ते तंबूत खुर्ची टाकून बसलेले, सगळ्यात मागे. पडद्यावर निळू फुल्यांचे हिंदुराव धोंडे पाटील आले, ते हसत हसत गोड बोलणं, आणि पुढे जमिनीवर बसलेली माणसं एकेक करून मान वळवून मागे बघायला लागली. कुणी काही बोललं नाही. नुसतं बघायचं आणि परत पडद्याकडे वळायचं. खुर्ची मध्यंतरात रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी तंबूवाल्याने खेळ बदलला, परत 'पिंजरा' लावला.

मी तेव्हा खूष झालो होतो, त्याचीच आता लाज वाटते.

'पिंजरा' हल्ली बघवत नाही. गाणी अजून कान देऊन ऐकतो पण सगळं खापर त्या बाईवर फोडलेलं दिसतं, मास्तर आपल्या पायाने गेला होता. 'सामना' मात्र वर्षातून एकदा लावतोच. तेंडुलकरांनी लिहिलेलं आणि जब्बार पटेलांनी केलेलं असं काही आता कारखान्यांवर कुणी करेल का, माहीत नाही.

---

करमाळ्याकडचा

काका नाद खुळा. खुर्ची रिकामी झाली ते वाचून अंगावर काटा आला. हे तंबूचं वेगळा धागा काढून लिहा ना.

---

थालीपीठ_आणि_लोणी

+1. काका, बायकांच्या बाजूला काय चालायचं ते पण कुणालातरी विचारून लिहा, कापडाच्या पलीकडचं.

---

कनातीखालून

ताई, आमच्या सौ. म्हणतात तिकडे शेंगा असायच्या आणि 'पिंजरा' त्यांनी पण तीन वेळा पाहिलाय. कशासाठी ते सांगत नाहीत.

---

तारीखवाला

सगळ्यांना उत्तरं सावकाश देतो, काल दिवसभर कोर्टात होतो. काका, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला, त्यांनी पण 'सामना' तंबूतच बघितलेला निघाला, आणि त्यांना तेव्हाच आवडला होता म्हणे, त्यामुळे आमच्या घरात पलटी मारणारा मी एकटाच.

@भाडेकरार, त्या चार पोरांना खोली मिळाली का कुठे?

बाकी आमचा नंबर काल 29 होता. पुकारा झाला, समोरच्यांनी मुदत मागितली, तारीख मिळाली ती थेट उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरची. बाहेर आल्यावर आमच्या वकील साहेबांना विचारलं सुट्टीत कुठे, तर म्हणाले महाबळेश्वर, तुम्ही?